पेशीवर नेमका किती दाब पडतो? सोनोपोरेशनवरच्या पीएचडीचा अनुभव

मार्च २०२५ मध्ये माझी पीएचडीची तोंडी परीक्षा झाली. विषय होता अल्ट्रासाउंड आणि मायक्रोबबल वापरून कर्करोगाच्या पेशींच्या आत औषध पोचवणं. याला सोनोपोरेशन म्हणतात. २०२० च्या अखेरीस विषय घेतला तेव्हा आमच्या संस्थेत हे काम आधी कुणी केलेलं नव्हतं. शोधनिबंध हवे तेवढे वाचायला मिळत होते. पण कुठला अर्ज आधी टाकायचा, गॅस कुठून आणायचा, टाकी कोण बनवून देतं, हे त्यांत नसतं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी विषयाबद्दल थोडं. मायक्रोबबल म्हणजे एक ते पाचेक मायक्रॉन व्यासाचे बुडबुडे. वरून स्निग्ध पदार्थाचं किंवा अल्ब्युमिनचं पातळ कवच, आत पाण्यात सहज न विरघळणारा जड वायू. द्रव टोचताना तयार होणारे बारीक बुडबुडे अल्ट्रासाउंडवर हृदयात चमकून दिसतात, हे ग्रामियाक आणि शाह यांनी १९६८ मध्ये मांडलं, आणि तेव्हापासून बुडबुड्यांचा उपयोग प्रतिमा स्पष्ट दिसाव्यात म्हणून होत आला. सोनोपोरेशनमध्ये तोच बुडबुडा पेशीला टेकवून ठेवतात. एक मेगाहर्ट्झचा आवाज दिला की तो सेकंदाला दहा लाख वेळा फुगतो आणि आकसतो. भोवतीचं पाणी घुसळलं जातं, पेशीचं आवरण ताणलं जातं, त्याला बारीक छिद्रं पडतात आणि बाहेर असलेलं औषध आत शिरतं. दाब बेताचा असेल तर काही सेकंदांत ते काही मिनिटांत छिद्र बुजतं. त्यासाठी भोवतालच्या द्रवात कॅल्शियम असावं लागतं. दाब जास्त झाला तर बुडबुडा कोसळून फुटतो, छिद्र मोठं पडतं आणि पेशी मरते. या दोन टोकांमधला पट्टा अरुंद आहे आणि माझी चार वर्षं तो शोधण्यात गेली.

आईचा पहिला प्रश्न होता, "अगं, रक्तात हवा गेली तर माणूस जातो ना?" प्रश्न रास्त आहे, बरेच जण विचारतात. हे बुडबुडे तांबड्या पेशीपेक्षा लहान असतात, त्यामुळे केशवाहिन्यांतून अडकल्याशिवाय जातात, आणि आतला वायू काही मिनिटांत श्वासावाटे बाहेर पडतो. युरोपात सोनोव्ह्यू नावाने असे बुडबुडे २००१ पासून रुग्णांना दिले जात आहेत.

विषयाकडे मला खेचलं ते नॉर्वेतल्या बर्गेनच्या एका अभ्यासानं. तिथल्या हाउकेलान्ड रुग्णालयात स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या दहा रुग्णांना जेमसिटाबिन हे कर्करोगावरचं नेहमीचं औषध दिलं, सोबत सोनोव्ह्यू आणि रुग्णालयातलंच सोनोग्राफीचं यंत्र वापरलं. २०१६ मध्ये निकाल आले. मध्यक आयुर्मान १७.६ महिने होतं, आणि आधीच्या तुलनेच्या गटाचं ८.९ महिने. रुग्ण मोजकेच होते, चिठ्ठी टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे यावरून मोठा दावा करता येत नाही. पण स्वादुपिंडाचा कर्करोग मी घरात पाहिला आहे. औषध शिरेत जातं, गाठीत पुरेसं पोचत नाही, आणि त्रास मात्र सगळ्या शरीराला होतो. औषध तेच ठेवून ते पोचवण्याची वाट बदलायची, ही कल्पना मला फार महत्त्वाची वाटली आणि आजही वाटते.

जानेवारी २०२१ मध्ये सल्लागार समितीने विषय मान्य केला. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की प्रयोगाचा विचार नंतर, आधी ज्या गोष्टीला सर्वांत जास्त वाट पाहावी लागते ती सुरू कर. हा सल्ला मी पुढे प्रत्येकाला देत आले आहे. आमच्या बाबतीत सर्वांत लांब वाट होती आयातीची, मग जैवसुरक्षा समितीची, आणि सुरुवातीला लक्षातही येणार नाही अशी तिसरी गोष्ट म्हणजे पीसीपीएनडीटी कायदा.

गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा हा कायदा सगळ्यांना सोनोग्राफी केंद्रातल्या पाटीमुळे माहीत असतो. त्यात अल्ट्रासाउंड यंत्र नोंदणी नसलेल्या कुणालाही विकायला मनाई आहे. आम्हाला हवा होता तो एक साधा, एकाच स्फटिकाचा ट्रान्सड्यूसर. त्याला पडदा नाही, तो प्रतिमा काढत नाही, एका दिशेने आवाज सोडतो एवढंच. तरी बिलावर 'अल्ट्रासाउंड ट्रान्सड्यूसर' असं लिहिलेलं असतं आणि पुरवठादारापासून आयात होईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर विचारणा होते. आम्ही मागणी नोंदवण्याआधीच संस्थेच्या लेटरहेडवर एक पत्र तयार केलं: उपकरण प्रतिमा काढू शकत नाही, ते पाण्याच्या टाकीत पेशींवर वापरलं जाईल, मानवी शरीरावर नाही. सोबत आकृती आणि तांत्रिक माहितीचं पान. महापालिकेच्या आरोग्य विभागात समुचित प्राधिकाऱ्यांकडे ते दिलं आणि आवक शिक्का मारलेली प्रत घेतली. तिथल्या डॉक्टरांनी आकृती नीट समजून घेतली, बरेच प्रश्न विचारले. ती शिक्क्याची प्रत पुढे वारंवार कामी आली. तिच्या झेरॉक्स खरेदी, स्टोअर आणि लेखा अशा तिन्ही ठिकाणी ठेवा.

पुढे आम्हाला बुडबुडे प्रत्यक्ष पाहण्यासाठी प्रतिमा काढणारं यंत्रही हवं होतं. ते घ्यायचं तर प्रयोगशाळेची रीतसर नोंदणी करावी लागते: नमुना अ मध्ये अर्ज, २५,००० रुपये शुल्क, तपासणी, आणि पाच वर्षांनी नूतनीकरण. आम्ही तो मार्ग घेतला नाही. आधीच नोंदणी असलेल्या एका क्ष-किरण विभागाशी सहकार्य केलं आणि नमुने घेऊन त्यांच्याकडे जात राहिलो. त्यांचं दिवसाचं काम संपल्यावर संध्याकाळी यंत्र मिळायचं. सुरुवात करणाऱ्या प्रयोगशाळेला हेच सोयीचं पडेल. या कायद्याच्या कागदपत्रांबद्दल संशोधकांत कुरकुर ऐकू येते, मला ती पटत नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४. या यंत्राने आपल्याकडे काय केलं आहे ते ठाऊक असताना एक पत्र आणि चार हेलपाटे मला जास्त वाटले नाहीत.

जैवसुरक्षा समितीची मान्यता साध्या पेशींवर रंगद्रव्य किंवा औषध वापरण्यापुरती आमच्याकडे एका पानात झाली. पण मला हिरवं प्रथिन बनवणारा प्लाझमिड, म्हणजे डीएनएचं छोटं वर्तुळ, हाही पेशीत घालायचा होता, आणि त्याला समितीपुढे पूर्ण प्रस्ताव लागतो. बैठक काही महिन्यांतून एकदा होते. एप्रिलची बैठक झाल्यावर प्रस्ताव दिला तर ऑगस्ट उजाडतो, तेव्हा बैठकीच्या तारखा आधी विचारून घ्या. पेशी, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवली जाणारी स्तनाच्या कर्करोगाची एमसीएफ-७ ही ओळ, पुण्यातच गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून घेतल्या. इतर गावांतल्या मित्रमैत्रिणींना कुरिअरची चिंता असते, मी फ्लास्क मांडीवर धरून रिक्षाने आणला.

खरेदी हा स्वतंत्र अध्याय आहे. आधी सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर वस्तू नाही याचा अहवाल, मग तीन दरपत्रकं, एकच उत्पादक असेल तर तसं प्रमाणपत्र, मग समिती. ट्रान्सड्यूसर लाखाच्या आसपास, त्याला चालवणारा आरएफ अॅम्प्लिफायर सुमारे पाच लाख, आणि पाण्यातला दाब मोजणारा सुईसारखा हायड्रोफोन त्याच्या प्रीअॅम्प्लिफायरसकट सहा लाखांच्या घरात. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संशोधन संस्थांना उपकरणांवर जीएसटीचा ५ टक्के सवलतीचा दर होता. १८ जुलै २०२२ पासून ती सवलत गेली आणि १८ टक्के लागू झाले. आमचा अॅम्प्लिफायर त्याआधी आला, हायड्रोफोन नंतर. वरचे सुमारे पाऊण लाख रुपये रसायनांच्या रकमेतून वळवावे लागले. प्रस्ताव लिहिताना कराची रक्कम वेगळी धरून ठेवा, आणि विनिमय दर वर जाईल असं गृहीत धरा.

खरेदी समितीत एका सदस्यांनी विचारलं, ट्रान्सड्यूसरबरोबर त्याच्या दाबाचा तक्ता येतो, मग सहा लाखांचा मायक्रोफोन कशाला? बजेट कमी होतं, हायड्रोफोन यादीतून काढायची वेळ आली होती. मॅडम अडून बसल्या. त्या अडून बसल्या नसत्या तर माझ्या प्रबंधाला काहीच किंमत राहिली नसती, असं मी आज ठामपणे म्हणू शकते. का, ते पुढे येतंच.

उपकरणं येईपर्यंत टाकी तयार करून घेतली. भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये अॅक्रिलिकची टाकी, ट्रान्सड्यूसर बसवायची कडी आणि पेशींच्या कक्षासाठी चौकट, सगळं मिळून बारा हजारांच्या आसपास झालं. मिस्त्रींना आकृती कागदावर देण्यापेक्षा पुठ्ठ्याचा नमुना करून नेला तर काम एकदाच होतं. केबल आणि बीएनसी जोडण्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ मिळाल्या, परदेशी कॅटलॉगमधल्या किमतीच्या कितीतरी कमी दरात. पाणी मात्र नुसतं आयन काढलेलं चालत नाही, त्यातली विरघळलेली हवाही काढावी लागते, नाहीतर आवाजाच्या वाटेत आपण न घातलेले बुडबुडे तयार होतात. निर्वात पंपाने हवा काढून, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला चार मिलिग्रॅमच्या खाली आहे हे मीटरवर पाहूनच मी सुरुवात करायचे. पाणी टाकीत ओतू नका, नळीने हळूहळू तळाशी सोडा.

२०२२ च्या दिवाळीनंतर हायड्रोफोन हातात आला आणि मोजणी सुरू झाली. ट्रान्सड्यूसरचा व्यास २५ मिलीमीटर, वारंवारता एक मेगाहर्ट्झ. अशा ट्रान्सड्यूसरच्या जवळ दाब फार वरखाली होतो आणि साधारण साडेदहा सेंटीमीटर अंतरावर तो सुरळीत होतो. पेशी तिथेच ठेवायच्या. हे हिशेबाने कळतं, पण मोजलं तेव्हा आमच्या ट्रान्सड्यूसरचा दाब तक्त्यातल्या आकड्याशी जुळत नव्हता.

त्याहून मोठी गोष्ट पेशींच्या प्लेटमध्ये सापडली. बऱ्याच निबंधांत २४ खान्यांची प्लॅस्टिकची प्लेट पाण्यावर ठेवून खालून आवाज देतात. आम्हीही प्लेटवरच सुरुवात केली होती. छिद्र पडलं की नाही हे कळावं म्हणून द्रवात रंग घालतात; सोमवारी तो पेशींत जायचा, गुरुवारी तीच सगळी मांडणी असताना जायचा नाही. त्या दोन महिन्यांत मला झोप लागत नसे. विषय सोडावा का, हे मी मनात अनेकदा घोळवलं. शेवटी प्लेटचा तळ कापून तिथे हायड्रोफोन नेला तेव्हा कारण दिसलं. द्रवाच्या वर हवा असते आणि हवेवर आपटून आवाज जवळजवळ सगळाच्या सगळा परत फिरतो. येणारी आणि परतणारी लाट मिसळून स्थिर लहरी तयार होतात. एक मेगाहर्ट्झला पाण्यात तरंगलांबी दीड मिलीमीटर असते, म्हणजे जास्तीत जास्त दाबाची जागा आणि जवळजवळ शून्य दाबाची जागा यांत अर्ध्या मिलीमीटरपेक्षाही कमी अंतर. २४ खान्यांच्या प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटर द्रव जास्त पडलं की पातळी अर्धा मिलीमीटर चढते. एवढ्यावर पेशीला मिळणारा दाब ठरत होता! अॅम्प्लिफायरवरचा आकडा काहीही असो, पेशीपर्यंत काय पोचलं हे त्यावरून कळतच नव्हतं.

प्लेट सोडली. मायलर या प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मच्या दोन भिंती असलेला कक्ष केला, तो पूर्ण बुडवून ठेवला आणि पलीकडे आवाज शोषणाऱ्या रबराचा जाड तुकडा लावला, म्हणजे परत फिरायला काही उरलं नाही. कक्षाच्या आत, पेशी असतात त्याच जागी, ३७ अंशांवर दाब मोजला. पुढचे सगळे आकडे तिथले आहेत. यानंतर सोमवार आणि गुरुवार जुळायला लागले. मोजताना एक काळजी घ्या: हायड्रोफोनजवळ बुडबुडे असताना किंवा लांब पल्स देऊन मोजू नका, सुईचं टोक खराब होतं. छोट्या पल्स द्या, व्होल्टेज कमी ठेवा.

बुडबुडे आम्ही घरचेच बनवले. तयार औषधी बुडबुडे आयात करणं आमच्या आवाक्याबाहेर होतं. कवचासाठी डीएसपीसी आणि पेग जोडलेलं डीएसपीई हे दोन स्निग्ध पदार्थ नऊला एक या प्रमाणात क्लोरोफॉर्ममध्ये घ्यायचं, क्लोरोफॉर्म उडवायचं, मग बफर, ग्लिसरॉल आणि प्रोपिलीन ग्लायकॉलच्या मिश्रणात ५५ अंशांच्या वर तापवून विरघळवायचं, कारण डीएसपीसी त्याखाली घट्टच राहतं. लहान कुपीत भरून वरची हवा काढून परफ्लुरोप्रोपेन भरायचा. या वायूसाठी परदेशात चौकशी करण्याआधी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. पडद्याच्या शस्त्रक्रियेत डॉक्टर हाच वायू डोळ्यात भरतात, त्यामुळे छोटे सिलिंडर इथेच मिळतात. कुपी हलवण्यासाठी दातांच्या डॉक्टरांकडचं अमाल्गमेटर वापरलं, दाताच्या सामानाच्या दुकानातून घेतलेलं. ४५ सेकंद हलवलं की पारदर्शक द्रव दुधासारखं पांढरं होतं. पहिल्यांदा ते झालं तेव्हा प्रयोगशाळेतले सगळे कुपी हातात घेऊन बघत होते.

या पांढऱ्या द्रवाला नाजूकपणे वागवावं लागतं. बारीक सुईने जोरात ओढलं की निर्माण होणाऱ्या निर्वाताने बुडबुडे मरतात. १८ गेजची जाड सुई घ्या, कुपीच्या झाकणात दुसरी सुई खोचून हवेला वाट द्या, आणि सावकाश ओढा. प्रत्येक वेळी सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी आणि आकार बघितल्याशिवाय वापरू नका. आणि जास्त बुडबुडे म्हणजे जास्त परिणाम असंही नाही. पुढचे बुडबुडे आवाज अडवतात आणि मागच्या पेशींपर्यंत तो पोचत नाही.

बुडबुडे वर तरंगतात हे शब्दशः लक्षात ठेवावं लागतं. पेशी कक्षाच्या खालच्या फिल्मवर असतील तर बुडबुडे त्यांना सोडून वर जातात. म्हणून बुडबुडे घातल्यावर कक्ष उलटा करायचा, पेशी छताला येतात, पाचेक मिनिटांत बुडबुडे त्यांना जाऊन टेकतात, आणि मग आवाज द्यायचा.

प्रयोग २०२३ भर चालले. रंग म्हणून प्रोपिडियम आयोडाइड, जे अखंड पेशीत शिरत नाही. ते मेलेल्या पेशींतही शिरतं, म्हणून काही मिनिटांनी कॅल्सीन-एएम घालून जिवंत कोण ते वेगळं बघायचं. दोन्ही रंग दाखवणाऱ्या पेशी म्हणजे छिद्र पडून बुजलेल्या, जिवंत पेशी. त्याच मला हव्या होत्या. तुलनेचे गट एकही वगळू नका: नुसत्या पेशी, नुसते बुडबुडे, नुसता आवाज, नुसतं औषध आणि त्यांच्या जोड्या. परीक्षकांचे निम्मे प्रश्न या गटांवर येतात.

आमच्या कक्षात ०.२ मेगापास्कलच्या खाली जवळजवळ काही घडलं नाही. ०.३ ते ०.४ च्या दरम्यान दोन्ही रंगांच्या पेशी दिसू लागल्या. ०.६ ला पेशी फिल्मवरून सुटून जायला लागल्या. औषध म्हणून ब्लिओमायसिन घेतलं, कारण ते आपल्या आपण पेशीत फारसं शिरत नाही पण आत गेलं की थोड्या मात्रेतही मारक ठरतं, म्हणजे औषध आत गेलं की नाही याचा पुरावा स्वच्छ मिळतो. ०.३५ ला नुसत्या औषधाच्या गटातल्या पेशी वाढत राहिल्या आणि औषध, बुडबुडे, आवाज तिन्ही मिळालेल्या गटातल्या थांबल्या. तो आलेख पहिल्यांदा काढला ती संध्याकाळ मी विसरणार नाही. मी मॅडमना फोन केला आणि मला नीट बोलता येईना. ब्लिओमायसिनचा कचरा सायटोटॉक्सिक लेबल लावलेल्या पिवळ्या पिशवीत जातो, २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे. त्याची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. प्लाझमिडचं यश फार कमी होतं. तो रेणू मोठा आहे, आणि पेशीत शिरला तरी पुढे केंद्रकापर्यंत जावा लागतो.

पैशांचं सांगायला हवं. सुरुवातीला महिना ३१,००० रुपये शिष्यवृत्ती होती, पुढे ३५,००० झाली, आणि जानेवारी २०२३ पासूनचा वाढीव दर ४२,००० होता. रक्कम ठीक आहे, पण ती महिनोन्महिने उशिरा येते. चार-पाच महिन्यांचं खोलीभाडं आणि मेसचं बिल बाजूला राहील अशी सोय करूनच पुण्यात या. माझ्या वेळी दादाने सांभाळून घेतलं.

सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्वसादरीकरण, मग साहित्यचौर्य तपासणी, मग प्रबंध. परीक्षकांचे अहवाल यायला हिवाळा गेला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हा ०.३५ मेगापास्कल कुठे मोजला?" मी कक्षाची आकृती दाखवली आणि पुढचा बराच वेळ आम्ही त्या एका आकृतीवरच बोललो.

प्रबंध आता शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या संकेतस्थळावर आहे. टाकीची आणि कक्षाची मापं, दाबाचे नकाशे आणि बुडबुड्यांची कृती परिशिष्टात आहे; हवी तशी वापरा. फिल्मची जाडी, कक्षाची खोली किंवा ट्रान्सड्यूसर यांतलं काहीही बदललंत तर माझे आकडे घेऊ नका, दाब तुमच्या कक्षात पुन्हा मोजा. हायड्रोफोन घेण्याइतके पैसे नसतील तर ज्यांच्याकडे आहे अशा विभागाला विचारा, आम्हीही आमचा दोन गटांना वापरायला दिला आहे. माझ्या जागी आलेली मुलगी सध्या पेशींच्या गोळ्यांवर, म्हणजे छोट्या गाठीसारख्या त्रिमितीय वाढीवर, हेच करून पाहते आहे. तिथे बाहेरच्या थरापलीकडे औषध कितपत जातं, हा तिचा प्रश्न आहे, आणि तिनेही पहिला महिना फक्त दाब मोजण्यात घालवला.